घड्याळातला अर्धा सेकंद

लाल रेघ दिसली की माझं डोकं फिरतं. कोड लिहिताना ओळीखाली नागमोडी लाल रेघ उमटते, ती मला साधी चूक वाटतच नाही. कुणीतरी पदर धरून अडवतंय असं वाटतं. मग मी नीट वाचत बसत नाही. जे सुचेल ते करून आधी रेघ घालवते आणि पुढच्या ओळीवर उडी मारते. आई म्हणते, ही पायाला भिंगरी बांधूनच जन्मली. आता एकतीस वर्षांची झाले तरी भिंगरी काही सुटलेली नाही. चहाला उकळी येईपर्यंत मला गॅसपाशी उभं राहवत नाही, आणि म्हणून आमच्या घरचा चहा आठवड्यातून दोनदा ओट्यावर असतो.

या रेघेपायी मी आबांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, जे वागले ते लिहायचं आहे. कधीपासून टाळतेय.

मी दौंडला राहते. नवरा रेल्वेत, क्वार्टर रेल्वेचं. घरी बसून मी दुसऱ्यांची ॲप करून देते. लोकांच्या दुकानांची ॲप, क्लासेसची ॲप, करून करून वीट आला होता. आपलं स्वतःचं काहीतरी करायचं म्हणून बैलगाड्याचा गेम काढला. माहेर वडगाव रासाईचं. आमच्या शिरूरच्या पट्ट्यात जन्मलेल्या माणसाला दुसरा कुठला गेम सुचणार?

बाहेरच्यांना वाटतं शर्यत म्हणजे दोन गाडे शेजारी शेजारी पळतात. आमच्याकडे तसं नसतं. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एका वेळी एकच गाडा सुटतो, आणि तो पळतो घड्याळाशी. त्या एका पळण्याला बारी म्हणतात. समजा बारा सेकंदांची हद्द ठरली, तर त्याच्या आत जे जे येतील ते सगळे पहिल्या नंबरात, मग एक येवो नाहीतर तीस. सेकंदाच्या खालचे पॉइंट बघायचे ते फक्त घाटाचा राजा ठरवताना, म्हणजे दिवसभरातली सगळ्यात वेगवान बारी कुणाची ते. आणि वेळ सांगताना कुणी दशांशबिशांश म्हणत नाही. ‘अकरा, अठ्ठावन्न.’ दोन सुटे, पूर्ण आकडे. लहानपणापासून मी वेळ अशीच ऐकली, त्यामुळे माझ्या डोक्यातही ती अशीच बसली.

ती वेळ ज्यांच्या तोंडून ऐकली ते आबा. तीस वर्षं आमच्या यात्रेत घड्याळ त्यांच्या हातात होतं. निशाण पडलं की अंगठा दाबायचा, गाडा रेघेवरून गेला की परत दाबायचा, वहीत लिहायचं, वर बघायचं नाही. माणसं निशाणवाल्याशी भांडायची, स्पीकरवर बोलणाऱ्याशी भांडायची, एकमेकांची गचांडी धरायची. आबांच्या घड्याळाला कुणी नाव ठेवलं नाही.

एकाने ठेवलं. त्यांना मी मामा म्हणते. नात्याचे कुणी नव्हेत, आबांचे शाळेपासूनचे दोस्त. शर्यतींवर बंदी आली त्याच्या आधीच्या शेवटच्या यात्रेत मामांचा गाडा अकरा बासष्टला आला आणि दुसऱ्या एकाचा अकरा अठ्ठावन्नला. चार पॉइंटांनी मामांचा राजा हुकला. भर घाटात मामा आबांना म्हणाले, “तुझा अंगठा दचकला.” आबांनी नुसती वही पुढे केली. पुढच्या वर्षी बघतोच म्हणत मामा निघून गेले. पुढच्या वर्षी बंदी. त्याच्या पुढेही बंदी. त्यांचा जीव की प्राण असलेला बैल दावणीलाच म्हातारा झाला आणि दावणीलाच गेला. मामा आबांशी बोलायचे बंद झाले ते झालेच. लग्नाकार्यात समोर आले तरी एक जण इकडे बघायचा, एक जण तिकडे.

बंदी उठली तेव्हा घाटात आपोआप वेळ मोजणारे सेन्सर आले. आबांना कुणी वाईट बोललं नाही हो, नुसतं बोलावलं नाही. यात्रेत ते कडेला उभे राहून बघायला लागले.

त्यामुळे मी गेम करतेय म्हटल्यावर आबांनी एकच विचारलं, “घड्याळ बरोबर आसंल ना त्यातलं?” आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पारावर सांगूनही आले, की पोरीच्या गेमातलं घड्याळ मी तपासून देणार हाय. यात्रा कमिटीने लगेच ठरवलं, यात्रेच्या दिवशी मोठ्या पडद्यावर पोरांना हा गेम खेळायला द्यायचा. म्हणजे गेम माझा, पण शब्द आबांचा गेलेला. मला हे नको होतं. माझ्या मानेवर कुणी बसलं की मी आणखी घाई करते.

आता ती रेघ. मोबाईलवरचं चित्र सेकंदाला साधारण साठ वेळा बदलतं. दर बदलाला मध्ये किती वेळ गेला ते यंत्र आपल्याला सांगतं: सोळा मिलीसेकंद आणि वर दोन तृतीयांश. असे तुकडे जोडत गेलं की झालं घड्याळ. यंत्र देतं तो आकडा दशांशातला, त्याला फ्लोट म्हणतात. मी मात्र माझं घड्याळ पूर्ण आकड्यांत मांडलं होतं, त्याला इंट म्हणतात. का, तर घाटात वेळ पूर्ण आकड्यांत सांगतात म्हणून! पुण्यातल्या एखाद्या पोराने ही चूक केली नसती. त्याने मुकाट दशांश घेतला असता.

तर आली लाल रेघ. हा दशांशाचा आकडा पूर्णांकात आपोआप बसणार नाही, असं ती स्वच्छ सांगत होती. मी काय केलं? आकड्याच्या आधी कंसात ‘इंट’ टाकलं. याला टाइप कास्टिंग म्हणतात, म्हणजे आकड्याचा एक प्रकार दुसऱ्यात जबरदस्तीने बसवणं. यंत्राला दटावायचं, मला कळतंय, तू गप. यंत्र गप झालं, रेघ गेली, मी कुकर लावायला उठले.

तपासणी रविवारी. मी सकाळीच स्कूटी काढून वडगावला गेले. आबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओसरीवर तयार बसलेले. जणू घाटात निघालेत. साखरेच्या डब्याला फोन टेकवून ठेवला. मी गाडा पळवायचा, त्यांनी त्यांच्या जुन्या घड्याळाचा अंगठा दाबायचा. वहीत दोन रकाने: गेम आणि मी. पहिली बारी, गेममध्ये अकरा चाळीस, आबांची अकरा सत्त्याऐंशी. दुसरी बारी, गेममध्ये अकरा एक्क्याऐंशी, आबांची बारा तीस. पंधरा-वीस बाऱ्या झाल्या. माझं बोट दुखायला लागलं. दर ओळीत तेच, आबांचा आकडा जवळजवळ अर्ध्या सेकंदाने जास्त.

“घड्याळ मागं हाय तुझं,” आबा म्हणाले.

“फोनचं घड्याळ आहे ते आबा. ते चुकत नसतं.”

“आगं, ही बारा तीसची बारी. ही पहिल्या नंबरात बसतीच कशी? लोक जोड्यानं मारतील की.”

“तुम्ही उशिरा दाबताय.”

“दरवेळी? आन् तेवढाच?” त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. “अंगठा चुकला तर कवा थोडा चुकंल, कवा जास्त चुकंल. ह्यो बघ फरक. येकसारखा हाय.”

एवढं एक वाक्य मी ऐकलं असतं तर! कुठल्याही चांगल्या टेस्टरने हेच सांगितलं असतं. अंदाधुंद चूक माणसाची, एकसारखी चूक कोडाची. मी पगार घेऊन हे काम केलेलं आहे, मला हे पाठ आहे. पण मी सकाळपासून बसून होते, पाय शिवशिवत होते, आणि लिहून झालेला कोड परत उघडायचा म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो.

“आबा, अंगठा म्हातारा झालाय तुमचा,” मी म्हणाले. “उगाच का सेन्सर आणले त्यांनी?”

तोंडातून गेलं आणि मला कळलं. आतून आईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. आबांनी घड्याळाचा आकडा शून्यावर आणला, वही मिटली, पेन खिशाला लावलं.

“आसंल,” म्हणाले. “आसंल बाई.”

तेव्हाच पाय धरायला हवे होते. मी काय केलं, तर उशीर होतोय म्हणत हेल्मेट डोक्यात घातलं आणि निघाले. अशी मी!

दौंडला आले ती चार दिवस नुसती फिरत होते. या खोलीतून त्या खोलीत. लॅपटॉप उघडायचा, मिटायचा. मधेच कपाट आवरायला काढायचं आणि अर्धवट टाकून द्यायचं. नवरा म्हणाला, “तू बस गं एका जागी, मला गरगरतंय.” आबांना रोज फोन केला. जेवलात का? व्हय. बरं आहे ना? व्हय. एवढंच. आवाजात राग असता तर बरं झालं असतं, मी उलट भांडले असते. राग नव्हताच.

या चार दिवसांत मी गेममध्ये काय काय बदललं ते सांगायलाही लाज वाटते. निशाण पडायचं चित्र लवकर केलं. शेवटची रेघ चार पावलं पुढे घेतली, परत मागे आणली. गाड्याच्या पुढे पळणाऱ्या घोडीचा वेग तपासला. घोडीचा काय संबंध? पण घड्याळाच्या ओळीला हात लावला नाही. तिथे चूक निघाली असती तर आबा खरे ठरले असते, आणि मग माझ्या बोलण्याचं काय करायचं होतं मी?

शुक्रवारी सकाळी गेम एका बारक्या कामासाठी चालवायचा होता आणि माझा फोन चार्जिंगला होता. म्हणून नवऱ्याचा जुना, काच तडकलेला फोन घेतला. त्याच्यावर सगळं रखडत चालतं. का कोण जाणे, मी त्याच्याशेजारी माझ्या फोनमधलं स्टॉपवॉच लावलं. म्हटलं बघू तरी. फरक आला जेमतेम दहा-बारा पॉइंटांचा. लगेच उलट केलं, गेम माझ्या फोनवर, स्टॉपवॉच जुन्यावर. फरक अर्धा सेकंद. परत केलं. परत अर्धा सेकंद. अंगठा दोन्ही वेळेला एकच, आणि तो काही म्हातारा नव्हता, माझाच होता.

मग ती ओळ उघडली. कंसात ‘इंट’ बसलेला, मीच बसवलेला. दर तुकड्यातला सोळाच्या वरचा दोन तृतीयांश भाग तो कापून फेकत होता. सेकंदाला साठ तुकडे, म्हणजे दर सेकंदाला चाळीस मिलीसेकंद गायब. बारा सेकंदांच्या बारीत जवळजवळ अर्धा सेकंद. जुना फोन निम्मीच चित्रं काढतो आणि त्याच्या दर तुकड्यातला वरचा भागही एक तृतीयांशच, त्यामुळे त्याचं कमी गळत होतं. दोन ओळी बदलल्या. घड्याळ दशांशातच ठेवलं, आणि पडद्यावर दाखवायच्या वेळी तेवढे दोन आकडे वेगळे केले. पाच मिनिटांचं काम. मी खुर्चीत बसून रडले. स्वतःची इतकी चीड मला आयुष्यात कधी आली नव्हती.

घरी फोन लावला. आईने उचलला.

“आबांना दे.”

“ते कुठं घरात हायत? मामाकडं गेल्यात.”

“कुठल्या मामांकडे?”

“आगं, मामांकडं! तुला सांगायचंच राहिलं बघ.” आईचा आवाज नुसता फुलला होता. “सोमवारी सकाळी उठले आन् म्हणले, आपला अंगठा उशिरा पडतुय आसं पोरगी म्हंती. तवाबी तसंच झालं आसंल. चार पॉइंटाचीच तर गोष्ट. त्याला सांगून येतो. गेले ते दुपारी जेवूनच आले. तवापासनं रोज चाललंय. आरं काय, आन् कारं काय. मी ह्यांला असं हसताना लई वरसांनी बघितलं.”

मी फोन कानाशी धरूनच स्कूटीची किल्ली शोधायला लागले.

“आता लोक येत्यात म्हणा,” आई म्हणाली. “काल एक गाडामालक आल्ता. म्हणला, आमच्याबी एका बारीचं बघा की आबा, तवा अंगठा कसा हुता. हसतच म्हणला. पर म्हणला.”

म्हणजे एका दोस्तासाठी, आणि मी बोलले म्हणून, आबा तीस वर्षांच्या वह्या जणू पारावर ठेवून आले होते. ये आणि जा, वाटेल त्याने बोट ठेवावं. चूक त्यांची नव्हतीच! मी दोन्ही फोन पिशवीत टाकले आणि स्कूटीला किल्ली मारली. वाटेत उसाच्या दोन ट्रॉल्या पुढे, ओव्हरटेकला जागा नाही. मी हॉर्नवरचं बोट काढलं नाही. ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून हात जोडले, बाई दमानं घ्या म्हणून. कसला दम आणि कसलं काय. भीमेचा पूल मी कधी ओलांडला मला आठवत नाही.

मामांच्या अंगणात दोघं बाजेवर बसले होते. मध्ये ताटात भुईमुगाच्या शेंगा. ओसरीच्या भिंतीवर मामांच्या बैलाचा फोटो, त्याला ताजा हार, आणि खाली नवीकोरी पाटी, लाल रंगात: घाटाचा राजा. रंगाचा वास अजून येत होता.

“ये, ये!” मामा मला बघून उठलेच. “बघ, पाटी करून घेतली. तुझा बाप मोठ्या मनाचा हाय बघ. तीस वर्सांत येकदा चुकला, पर दारात येऊन सांगितलं. कोण सांगतंय आजकाल? तुझ्या गेमात घाल माझा बैल. राजा म्हणून घालायचा बरं का.”

आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना सगळं कळलं असावं, कारण ते पटकन म्हणाले, “बस आधी. च्या घे. मग बोलू.”

मी बसले नाही. मला धीर कुठला. उभ्या उभ्या सगळं ओकले. आबांचा अंगठा बरोबर होता मामा, माझं घड्याळ चुकलं होतं, मी रागाने बोलले, हे बघा दोन फोन, हा बघा फरक. गाडा पळवून दाखवला. नवीन घड्याळ लावून दाखवला. आबांच्या रविवारच्या वेळा बरोबर होत्या, तीस वर्षांच्या बरोबर आहेत, यांना कुणी एक अक्षर बोलायचं नाही. बोलता बोलता आवाज चढला. मला वाटत होतं मी आबांची लढाई लढतेय.

मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हंजी अंगठा उशिरा पडत न्हाई ह्याचा?”

“नाही मामा.”

“आजबी न्हाई?”

“नाही.”

“मग तवा तर न्हाईच न्हाई.”

तेव्हा कुठे मला समोरची पाटी नीट दिसली.

“आरं, तवाचं येगळं,” आबा घाईने म्हणाले. “तवा धूळ किती हुती. मला रेघबी दिसत नव्हती धड—”

मामांनी हात वर केला आणि आबा गप्प झाले. मामा उठले, ओसरीवर गेले. खिळ्यावरून पाटी काढली आणि भिंतीकडे तोंड करून खाली टेकवली. बोटांना लागलेला लाल रंग धोतराला पुसला. हार तेवढा राहू दिला.

“चार दिस हुता की राजा,” ते म्हणाले. “लई झालं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं तेच सांगितलं होतं मी, आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या घरातून काहीतरी उचलून नेल्यासारखं वाटत होतं. इथून पळून जावं, एवढंच सुचत होतं. “चला आबा,” मी म्हणाले, “घरी सोडते तुम्हाला.”

आबा उठायला लागले. मामा बाजेवर परत येऊन बसत म्हणाले, “त्यो कुठं चाललाय? बस रं तू.”

आबा बसले.

“चुकलं माझं आबा,” मी म्हणाले. रविवारपासून अडकलेलं एकदाचं बाहेर पडलं.

“कळलं,” आबा म्हणाले. माझ्याकडे बघितलं मात्र नाही. “हळू जा. ट्रॉल्या असत्यात रस्त्याला.”

फाटकाशी पोचून मी मागे बघितलं. मामांनी शेंगांचं ताट आबांच्या पुढ्यात सरकवलं होतं, आणि आबा एक शेंग हातात धरून, न फोडता नुसते बसले होते.